घड्यातलं रक्त

सोनईच्या चैत्रातल्या जत्रेत ऊन कललं आणि गोरक्षबुवाचा खेळ सुरू झाला, की रेवड्यांची दुकानंसुद्धा ओस पडायची. त्या दिवशीही बुवानं आधी विस्तव खाल्ला, हवेतून अंगारा काढला, मग तांब्याचा घडा पुढं ओढला. घड्यात म्हणे काशीचं गंगाजळ. पाप्याचा हात पडला की त्याला रक्त लागतं. काशी कोणत्या दिशेला हेही बुवाला ठाऊक नसेल, पण विचारतो कोण!

दगडाबाईनं तर नाहीच विचारलं. तिचा चिमुरडा गहिनीनाथ फाल्गुनात तापानं गेला होता, आणि विधवा जाऊ रंगुबाईनं करणी केली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिनंच रंगुबाईला दंडाला धरून रिंगणात ओढलं. बुवानं रंगुबाईच्या तळव्यांना भंडारा चोळला, काहीबाही पुटपुटत हात घड्यात दाबले. वर आले ते लालभडक.

मग काय विचारता! दगडाबाईचा नवरा सहादेव, त्यानंच पहिला धोंडा मारला. रंगुबाईचं कपाळ फुटलं. खोटं कशाला सांगू, दगडाबाईला गार वाटलं.

मिशनच्या शाळेतले शलमोन मास्तर गर्दी सारत आले, रंगुबाईच्या पुढ्यात उभे राहिले आणि दगडाबाईला म्हणाले, "बाई, आता तुमचे हात घाला."

बुवा आडवा आला. पण ती कशाला भिते? "माझंच लेकरू गेलंय मास्तर. मला कशाचं भ्या?" सकाळी खंडोबाच्या देवळात उधळलेला भंडारा तिच्या हातांवर तसाच होता. हात बुडाले आणि लाल होऊन वर आले.

"आयनंच खाल्लं पोराला," कुणीतरी म्हणालं. दगडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. सहादेवानं दुसरा धोंडा उचलला होता.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. भंडारा फासून स्वतःचा हात बुडवला, तोही लाल. "भंडारा म्हणजे हळद, आणि घड्यात चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, घरी बघा करून." सरबतवाल्याचं लिंबू त्यांनी दगडाबाईच्या तळव्यांवर पिळलं. हात पुन्हा पिवळे झाले. बुवा घडा टाकून केव्हाच पसार झाला होता.

दगडाबाईनं उरलेलं लिंबू घेऊन रंगुबाईचे हात चोळले. तेही पिवळे झाले. कपाळावरून ओघळत होतं ते मात्र लालच राहिलं.

"गहिनी माझ्याच मांडीवर निजायचा गं," रंगुबाई म्हणाली आणि हात सोडवून घेतले.

लोकहो, धोंडा उचलायच्या आधी एकदा आपलाच हात त्या घड्यात घालून बघत चला.