दोर तुटल्यानंतरचं पान

“...आणि तेवढ्यात नावेचा दोर तुटला.” एवढं वाचून मा खिन ह्लाने पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ती लग्न करून मंडालेला गेली.

दॉ सेइन म्हातारी दर पौर्णिमेला एक पुरुषी लुंगी धुते, वाळवते, घडी घालते. लुंगी मळलेली नसते.

पुस्तकं भाड्याने देणारा उ फो म्या जाड कादंबरीचे सुरीने तीन भाग करतो आणि प्रत्येकाला पुठ्ठा शिवतो. मग एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत चालते. कुणाला शेवट आधी मिळतो, कुणाला नायिका थेट आई झाल्यावरच भेटते.

चिरुटाच्या लेबलावर एक ओळ छापलेली असते. मा न्वे यी वीसेक वर्षं ते लेबल चिकटवत होती. तिला वाटायचं, मालकाचं नाव असणार.

आम्ही पखोक्कूच्या चिरूट कारखान्यातल्या बायका. चिरूट वळताना हात गुंतलेले, कान रिकामे. म्हणून एकीने वाचायचं आणि तिच्या वाटचे चिरूट बाकीच्यांनी वळायचे, ही आमची रीत. खिन ह्ला गेली आणि कादंबरीतला नावाडी को तुन इरावती नदीच्या मधोमध अडकला. दुसरी वाचणारी कुणी नव्हती.

“मी वाचेन,” न्वे यी म्हणाली.

“तू? तुला पॅगोड्यातली पाटी वाचता येत नाही!”

“नाही येत. येईल.”

ती संध्याकाळी दुकानात जाऊन बसली. उ फो म्याने बालवाडीचं पुस्तक पुढे केलं. बदक, केळं, घर.

“काका, बदकाचं मी काय करू? मला नाव शिकवा. दोर शिकवा.”

मग तेच पान उघडलं. आमची बर्मी अक्षरं गोल, चिरुटाच्या तोंडासारखी. फट कुठे आहे तेवढं पाहायचं. ते पाहायला तिचे डोळे तयारच होते. एका सकाळी कारखान्यात ती लेबल हातात धरून हसत सुटली.

“बायांनो, आपल्या मालकाचं नाव ऐका! ‘ओल लागू देऊ नये’!”

तिने दुसरा भाग वाचायला घेतला. “ना... ना... नावेत...”

“अगं, या चालीने को तुन म्हातारा होईल!”

“होऊ दे. तोवर तुझे चिरूट तरी सरळ होतील.”

हळूहळू वाचन धावू लागलं. दॉ सेइनने आपली चटई पार पुढे आणली होती. तिचा मुलगा याच नदीवर बांबूचा तराफा घेऊन गेला होता, तो परतला नव्हता. दुसरा भाग संपला तेव्हा को तुन पुरात दिसेनासा झाला होता.

“पोचतो ना गं तो?” म्हातारीने विचारलं.

“वाचल्यावर कळेल, मावशी.”

तिसरा भाग आला त्या दिवशी न्वे यीने जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. आमच्याकडे पाठ करून ती वाचत बसली. मग पुढे येऊन बसली आणि मोठ्याने वाचू लागली.

को तुनला ओंडका सापडला. कोळणीने त्याला माशाचं सार पाजलं. तो चालत निघाला. न्वे यी एकदाही अडखळली नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. इतका वेळ झाला, तरी पान तेच होतं.

बोलली ती दॉ सेइन, जिला एक अक्षर येत नव्हतं.

“न्वे यी, पान उलट गं. केवढं मोठं पान हे!”

न्वे यीने पान उलटलं.

“हं. घरी आल्यावर आईने काय रांधलं?”

“चिंचेच्या कोवळ्या पाल्याचं सार.”

“तसं छापलंय?”

“छापलंय.”

“मीठ जास्त पडलं असणार,” म्हातारी म्हणाली आणि चिरुटाचं पुढचं पान वळायला घेतलं.

पुढे न्वे यीने आम्हा सगळ्यांना अक्षरं शिकवली, त्याच दुसऱ्या भागावर. आता वाचायच्या पाळीवरून भांडणं होतात. पुस्तक घरी कुणी न्यायचं यावरूनही. मी तर तिन्ही भाग ओळीने वाचले.

तिसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर को तुन बुडून मरतो.