व्याख्येत बसत नाही

निवृत्तीनंतर प्रल्हाद सामंत दर रविवारी फुलपाड्यातल्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला शिकवत. नोकरीची शेवटची वर्षं ते स्वतः महापालिकेत अशा अर्जांना उत्तरं देणारे जन माहिती अधिकारी होते, त्यामुळे अर्ज कुठे अडतो ते त्यांना पाठ होतं.

"'का' विचारू नका," ते सांगत. "कायद्यात माहिती म्हणजे दप्तरात जे आहे ते. कारण ज्या कागदावर लिहिलंय, त्याची प्रत मागा."

एका रविवारी गिरीज गावाहून दिपिका आली. तिच्या सासूबाईंना, कृष्णाबाईंना, नऊ वर्षांपूर्वी आलेलं एक उत्तर तिनं पुढे केलं. वाडीतलं बावखल, म्हणजे बागेला पाणी देणारं तळं, का बुजवलं, असं म्हातारीनं विचारलं होतं. उत्तर एका ओळीचं: 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. खाली सही प्रल्हादांचीच.

त्यांना फाइल आठवली. तिच्यात तळं बुजवायला वाडीकरांनी दिलेलं संमतीपत्र होतं, आणि पहिली सही कृष्णाबाईंच्या नवऱ्याची. उत्तरात 'संमतीपत्राची प्रत मागा' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पण त्या दिवशी टेबलावरचे अर्ज निकाली काढायची घाई होती.

"सासूबाईंना वाटतं, शेजारच्या कार्मिनमावशीनं बुजवायला लावलं," दिपिका म्हणाली. "बुजवलेल्या जागेवरून रस्ता तिच्याच दारात गेला ना. तेव्हापासून अबोला. मावशी गेल्या नाताळाआधी वारली."

सही कोणाची ते प्रल्हादांच्या ओठावर आलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "कागद येऊ दे, मग बघू." आणि अर्ज लिहून दिला.

तेविसाव्या दिवशी प्रत आली. ती घेऊन ते दिपिकाबरोबर गिरीजला गेले. कृष्णाबाईंनी सही ओळखली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"मरेपर्यंत मला बोलले नाय कदी," त्या म्हणाल्या. मग मान वर करून, "तुमाला तवा म्हाईत होता?"

"हो."

"मग सांगितलं का नाय?"

प्रल्हादांना कलम आठवलं, व्याख्याही आठवली. ते म्हणाले, "सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

कृष्णाबाई उठल्या. "चला. ग्रेसीला तुमीच सांगा."

कार्मिनची मुलगी ग्रेसी दारातच उभी राहून ऐकत होती. प्रल्हादांनी कलमांचे आकडे न घेता सगळं सांगितलं, आपलं नाव न लपवता सांगितलं. ग्रेसी कृष्णाबाईंकडे बघून म्हणाली, "आय शेवटी दोनदा विचारत होती, कृष्णा आली काय म्हणून."

कृष्णाबाई तिथंच पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. थोड्या वेळानं ग्रेसीही खाली बसली, मात्र जरा अंतर ठेवून.

प्रल्हाद रस्त्यावर थांबले होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.