अप्पांचं उत्तर

फोनच्या पडद्यावर ‘हो, ऑपरेशन करा’ असं उमटलं आणि दादाने सगळ्यांकडे पाठ करून डोळे पुसले. रुग्णालयातल्या पलंगावर उशांना टेकवून बसवलेल्या अप्पांचं एक बोट तेवढं फोनला जोडलेल्या बटणावर होतं. बाकीच्या देहाने केव्हाच संप पुकारला होता.

ते बटण आणि फोनमधला कीबोर्ड, दोन्ही धाकटीची करणी. अप्पांची ही लेक मोबाइलचे कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. जन्मभर बाजारात लिलाव पुकारणाऱ्या बापाची वाचा पक्षाघाताने गेली, तेव्हा तिने रजा टाकली आणि त्यांच्यापुरता वेगळा कीबोर्ड तयार केला. उजेडाचा एक चौकोन अक्षरांवरून फिरत राहायचा. हव्या त्या अक्षरावर तो आला की अप्पांनी बटण दाबायचं. पहिल्याच दिवशी अप्पांनी लिहिलं होतं, ‘दाद्या, दाढी कर’. इतका हशा त्या घरात कित्येक दिवसांत झाला नव्हता.

“मग मी तयारीला सांगते,” सर्जनबाई उठल्या. “मघाशी अप्पांना समजावलंय, तेच पुन्हा सांगते. मेंदूतली ती रक्तवाहिनी परत फुटली तर हातात काही उरणार नाही. ऑपरेशनने तो धोका टळेल. पण या बोटाची हालचाल जाऊ शकते, आणि ती शक्यता मोठी आहे.”

“बोटाचं काय घेऊन बसलात डॉक्टर, माणूस राहू दे!” दादा म्हणाला.

धाकटीलाही अगदी हेच म्हणायचं होतं. तिला बाप हवा होता, कसाही, कितीही गप्प. ती हसत फोन उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिन्ही शब्दांखाली बारीक राखाडी रेघ होती.

ती रेघ तिनेच ठेवली होती, स्वतःच्या तपासणीसाठी. कीबोर्डने आपणहून घातलेला शब्द त्यावरून ओळखू यायचा. अप्पा लवकर दमायचे म्हणून तिने एक शहाणपणा केला होता: बोट जरा वेळ थांबलं की पुढचा शब्द कीबोर्डनेच भरायचा. कुठला? त्याच्यावर जो सर्वांत जास्त वेळा लिहिला गेला असेल तो. आणि जास्त लिहिलं होतं कोणी? तिनेच! नवीन काही जोडलं की चालवून बघायला काहीतरी लिहावं लागतं, आणि माणूस मनात असेल तेच लिहितो. ‘ऑपरेशन करा’, ‘हो, ऑपरेशन करा’. आठवडाभर तिने त्या कीबोर्डकडून हेच घोकून घेतलं होतं. अप्पा नुसते थांबले होते, आणि लेकीच्या मनातलं त्यांच्या नावावर जमा झालं होतं.

त्यांचं बोट अजून थरथरत होतं. मघापासून सगळे त्याला भीती समजत होते. चौकोन फिरत फिरत खोडायच्या खुणेवर यायचा, बोट धडपडायचं, आणि तोवर चौकोन पुढे सरकलेला असायचा.

गप्प बसलं तर? राखाडी रेघ कोणाला कळणार होती? बाई दारापाशी पोचल्या होत्या.

“थांबा,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा ओरडावं लागलं. “डॉक्टर, थांबा! हे अप्पांनी लिहिलेलं नाही.”

“आता काय काढलंस तू?” दादा वसकन अंगावर आला. “माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय त्यांनी.”

“त्यांनी नाही रे दादा. मी लिहिलंय.”

तिने थोडक्यात सांगितलं. दादाचा चेहरा उतरला, मग तापला. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हो म्हणालेत ना? मग कशाला उकरून काढतेस? ते गेले तर तू जबाबदार?”

सर्जनबाई परत येऊन खुर्चीवर बसल्या.

धाकटीने शब्द सुचवणं बंद केलं, आपोआप भरणं बंद केलं, शिकलेलं सगळं पुसून टाकलं आणि चौकोनाची गती कमी केली. मग अप्पांचं बोट नीट बटणावर ठेवलं. “अप्पा, कितीही वेळ लागू दे. ऑपरेशन करायचं का? तुम्हीच सांगा.”

चौकोन फिरू लागला. एक फेरी गेली, दुसरी गेली. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग बोट दबलं.

‘न’.

नक्की, धाकटीचं मन लगेच म्हणालं. नक्की करा. कीबोर्डला गप्प केलं तरी मनाला कोण गप्प करणार? चौकोन पुन्हा निघाला. पलंगाची कड तिने घट्ट धरून ठेवली होती.

‘नको’.

तिला वाटलं, संपलं. पण बोट थांबलं नव्हतं. कपाळावर घाम आला तरी अप्पा एकेक अक्षर गाठत राहिले, आणि ती श्वास रोखून बघत राहिली.

“काय म्हणतायत?” खिडकीशी पाठमोऱ्या दादाने विचारलं. “अगं, सांग ना!”

धाकटीने डोळे पुसले आणि बापाचे शब्द जसेच्या तसे मोठ्याने वाचले.

“नको. आहे तोवर मला बोलायचंय.”