लाल खडूची रेघ

"फडकं काढा, एव्हान्थियाबाई," अनेस्तिस म्हणाला, आणि तिची वाट न पाहता त्यानं स्वतःच रांजणाचं तोंड उघडलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"अहो, कालच तर फडकं बांधलंय," एव्हान्थिया म्हणाली.

"काल बांधून काय उपयोग? अंडी आतल्या अंगाला चिकटून बसतात. आठवड्यातून एकदा रांजण रिकामा करून घासायचा, हे घसा कोरडा पडेस्तोवर सांगतोय मी."

"पाणीवाला येतो आठवड्यातून दोनदा. ओतून दिलं तर पोरांना काय पाजू, तुमचं भाषण?"

अनेस्तिसनं रांजण आडवा केला. पाणी अंगणभर पसरलं. मग खिशातून लाल खडू काढून त्यानं दारावर रेघ ओढली. अळ्या सापडल्या की रेघ, असा नगरपालिकेचा हुकूम होता. रेघ असलेल्या घराकडे कुणी फिरकत नसे.

"एका बोटीतून आलो आपण, अनेस्तिसदादा," एव्हान्थिया म्हणाली. "जरा तरी लाज ठेवा."

तिकडे, समुद्रापलीकडे तुर्कस्तानात, तो खोगिरं शिवायचा. ग्रीसमधल्या पिरियस बंदराच्या या निर्वासितांच्या वस्तीत सहा वर्षं त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. या उन्हाळ्यात हाडमोड्या ताप आला, नगरपालिकेनं त्याच्या खांद्यावर रॉकेलचा डबा दिला, आणि बायाबापड्या त्याला पाहून रांजण झाकू लागल्या. खरं सांगायचं तर हे त्याच्या डोक्यात गेलं होतं.

तसं काम तो इमानानं करायचा. हा ताप आणणारा डास गटारातला नव्हे, स्वच्छ साठल्या पाण्यातला, दिवसाढवळ्या चावणारा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तो दारोदार सांगत फिरे. डबक्यात, मोरीच्या खड्ड्यात रॉकेल ओती.

घरी बायको, सिमेला, चार दिवस तापात होती. हाडं कुणी पिळतंय असं कण्हायची. पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं.

"उतरला बघा," ती म्हणाली. "पोटात दुखतंय जरा. पण तुम्ही जा कामावर."

"नक्की ना?"

"गेल्या वर्षी आला होता तेव्हाही उठलेच होते की मी. एकदा येऊन गेलेला ताप दुसऱ्यांदा काय करणार?" वस्तीत सगळेच असं म्हणत. "जाताना सब्जाला तेवढं पाणी घाला. क्रुसाच्या सणाला चर्चमध्ये द्यायचाय."

तिच्या उशाशी खिडकीत सब्जाचे सहा डबे होते. गावाकडून पदरात बांधून आणलेल्या बियांचे. सब्जाच्या वासानं डास पळतात, हे त्याच्या आईनं, आजीनं सांगितलेलं. म्हणून तर त्यानं डबे तिच्या उशाशी आणून ठेवले होते. त्यानं डब्यांखालच्या बशा भरेपर्यंत पाणी घातलं आणि तो निघाला.

दुपारी एव्हान्थियाचा थोरला पळत आला. अनेस्तिस घरी पोचला तेव्हा एव्हान्थिया सिमेलाचे हात चोळत बसली होती. हात बर्फासारखे होते. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"हिच्या हाका ऐकून शेजारी थबकले, पण रेघा ओढणाऱ्याच्या घरात कुणी येईना," एव्हान्थिया एवढंच म्हणाली. "मी आले."

डॉक्टर आले, तोवर सिमेला गेली होती. ताप उतरतो तेव्हाच सांभाळायचं असतं, असं ते म्हणाले. अनेस्तिसला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी त्याला सब्जाची आठवण झाली. पानं मलूल झाली होती. त्यानं पहिला डबा उचलला, आणि खालच्या बशीत उरलेल्या पाण्यात त्याला हालचाल दिसली. दुसऱ्या बशीतही. साऱ्या वस्तीचे रांजण त्यानं पालथे घातले होते, आणि या सहा बशा तो रोज स्वतःच्या हातानं भरत होता.

मग त्यानं सहाही बशा अंगणात ओतल्या, कुंच्यानं घासल्या, उन्हात पालथ्या घातल्या, आणि खडू घेऊन दारापाशी आला.

समोर एव्हान्थिया उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"राहू द्या, अनेस्तिसदादा," ती हळूच म्हणाली. "कोण विचारतंय आता?"

त्यानं मान हलवली आणि रेघ ओढली. तिच्या दारावर ओढली होती तेवढीच लांब. एक बोटही कमी नाही.