चार बोटं माती

२००१ साली द्राक्ष संघाने निफाड तालुक्यातले बारा बागायतदार हॉलंडला नेले, त्यात पुंजाराम होता. बंदरावर आपल्या गावाकडच्या पेट्या उतरताना बघून त्याचा ऊर भरून आला. दुपारी जेवताना माल घेणाऱ्या कंपनीचा म्हातारा गोरा गृहस्थ हसतहसत काहीतरी बोलला, आणि दुभाषा म्हणून आलेला भारत नावाचा पोरगा ताटाकडे बघायला लागला.

"काय म्हणतोय?" पुंजारामने विचारलं.

"सोडा ना, काका."

"सांग."

"माल झकास आहे म्हणतोय. पण उन्हाच्या देशातल्या काळ्यासावळ्या माणसांच्या रक्तातच चिकाटी कमी, म्हणून तुम्ही मागे राहिलात. आमच्या लोकांनी समुद्र हटवून जमीन काढली, म्हणतो."

म्हातारा आपुलकीनेच बोलला होता, म्हणून पुंजारामला ते जास्त लागलं. "त्याला म्हणावं, कालवा यायच्या आधी माझा आजा लोकांच्या शेतात दगड वेचायचा. कालवा आला आणि त्याच आजाने ऊस लावला. रक्त काय मधेच बदललं?"

भारतने सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि थंडीचा विषय काढला.

घरी आल्यावर पुंजाराम कामाला लागला. एप्रिलच्या छाटणीला गडी मिळेना. शेजारचा चिमाजी म्हणाला, "सुरगाण्याच्या बाया आहेत ना तुझ्याकडे, त्यांना शिकव की कात्री." पुंजाराम म्हणायला गेला, "डोंगरातली माणसं ओझं वाहायला बरी, कात्री त्यांच्या..." आणि मधेच थांबला. वीस वर्षं हे वाक्य तो बोलत आला होता. आज ते त्याला त्या म्हाताऱ्याच्या आवाजात ऐकू आलं.

त्याच आठवड्यात त्या बायांची म्होरकी भागीबाई हिला निरोप आला, सून बाळंत झाली. एस.टी. निघून गेली होती. पुंजारामने तिला पिकअपमध्ये बसवलं. इतकी वर्षं ती त्याच्या बागेत राबत होती, पण तिचं गाव त्याने पाहिलं नव्हतं.

घाट ओलांडल्यावर रस्ता संपला. पुढे ती दोघं चालत गेली. वाटेत बाया दगडी झऱ्याभोवती हंडे घेऊन बसल्या होत्या. झऱ्यात वाटीवाटीने पाणी जमत होतं.

"पाऊस तर तुमच्याकडे आमच्या चौपट पडतो ना?"

"पडतो ना, भाऊ. पण ठरत नाय. डोंगरावरून पळतो गुजरातकडं."

नातवाचं तोंड बघून झाल्यावर भागीबाईने त्याला घरामागची नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती दाखवली. पुंजारामच्या हाताला सवयच होती. त्याने कुदळ घेऊन उतारावर एक घाव घातला. चार बोटं माती, मग खडकावर लोखंड वाजलं. तो दुसरीकडे गेला, तिसरीकडे गेला. सगळीकडे तोच आवाज.

"तुम्ही हुशार बागायतदार. हितं काय लावाल?" भागीबाईने विचारलं.

त्याने कुदळ खाली ठेवली. "नागली. तुम्ही लावता तीच."

"मग तुमच्याकडं आम्हाला आळशी का म्हणतात?"

"मीच म्हणायचो, भागीबाई," तो म्हणाला. तिने आत जाऊन कोरा चहा आणून दिला.

ऑक्टोबरच्या छाटणीला त्याने भागीबाईच्या हाती कात्री दिली. काडीवर कोंब फुटणारे किती डोळे ठेवायचे, कुठे तिरपा काप द्यायचा, हे स्वतः शेजारी उभं राहून दाखवलं. पहिल्या दिवशी तिने एक वेल पार बोडका केला. चिमाजी बांधावरून हसला. पुंजारामने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिला पुढच्या वेलावर नेलं. चौथ्या दिवसापासून ती काडी हातात धरून आधी नीट न्याहाळायला लागली आणि तिचा काप चुकेनासा झाला. मग बाकीच्या सात जणींना तिनेच शिकवलं. मजुरी गावातल्या गड्यांइतकीच घेणार, हेही तिनेच सांगितलं आणि पुंजारामने ते मान्य केलं.

पुढच्या वर्षी चिमाजी स्वतः पुंजारामच्या बागेत आला. "तुझ्या बाया दे की आठ दिवस."

"माझ्या कुठल्या? ती बघ भागीबाई. तिलाच विचार."

चिमाजी जरा घुटमळला, मग ओळीतून तिच्याकडे गेला. भागीबाईने कात्री पुसली आणि बोटांवर दिवस मोजले.

"दसऱ्यानंतर जमंल, भाऊ," ती म्हणाली. "पण पुढल्या साली आधी सांगायचं."