वादाला माणूस

दार उघडेपर्यंत सुधींद्रनं बोलायचं वाक्य पुन्हा एकदा मनात घोळवलं. धारवाडहून केशवापूरला येताना बसमध्येही तेच चाललं होतं.

"या भावजी," प्रभंजनची बायको हेमावती म्हणाली. "आज जरा बरे आहेत. फार बोलायला लावू नका मात्र."

प्रभंजन खिडकीपाशी शाल पांघरून बसला होता. दोघांनी एकाच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि जन्मभर एकाच गोष्टीवर भांडले. दीर्घिकांच्या, म्हणजे आकाशगंगांच्या, कडेचे तारे वाजवीपेक्षा वेगानं फिरतात. प्रभंजन म्हणे, तिथं न दिसणारं कृष्णद्रव्य आहे, ही ओढ त्याची. सुधींद्र म्हणे, तसलं काही नाही. ओढ फार क्षीण झाली की गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो. सुधींद्रच्या बाजूनं कुणी नव्हतं. त्याचे निबंध साभार परत येत. बाकीच्यांनी हसून विषय सोडून दिला होता. प्रभंजननं मात्र प्रत्येक निबंध ओळ न् ओळ वाचून खोडून काढला.

गेल्या आठवड्यात सुधींद्रनं एकमेकांभोवती फार लांबून, क्षीण ओढीनं फिरणाऱ्या जोडताऱ्यांची नवी मोजमापं स्वतःच तपासली, आणि त्याचा नियम टिकला नाही. हे जाऊन सांगावं असं एकच घर होतं.

तो तोंड उघडणार, इतक्यात प्रभंजनच हसला.

"तुझंच खरं रे, सुधी. कृष्णद्रव्य-बिव्य काही नाही."

सुधींद्र दचकला.

"काहीतरीच काय! अरे, दीर्घिकांचे थवे एकमेकांवर आदळतात तेव्हा वायू मधेच अडकतो आणि ओढ पुढं निघून जाते. ती कुणाची मग?"

प्रभंजनच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"प्रश्न चांगला आहे. कोण विचारायचं हा?"

"तूच की."

"हो? मग तू काय सांगायचास?"

सुधींद्रनं हेमावतीकडे पाहिलं. तिनं कॉफीचा पेला त्याच्यापुढं सरकवला आणि नजर चुकवून आत गेली.

मनातलं वाक्य त्यानं गिळलं. खुर्ची पुढं ओढून तो सांगू लागला, अगदी पहिल्यापासून, स्वतःला आता न पटणारं सगळं. मधे एके ठिकाणी तो मुद्दामच चुकला आणि थांबला. इथं प्रभंजन हमखास टेबलावर हात आपटायचा.

प्रभंजन त्याच्याकडे बघत होता, गोष्ट ऐकणाऱ्यासारखा.

"पुढं?" त्यानं विचारलं.