पान दोनशे चौदा

वाचनालयाच्या तक्रारपेटीत वर्षानुवर्षं दोनच गोष्टी पडत आल्या होत्या, पंख्याच्या आवाजाबद्दलच्या चिठ्ठ्या आणि बसची जुनी तिकिटं. त्या वर्षी मात्र पेटी फुगली. सगळ्या तक्रारी खिडकीजवळच्या एकाच कपाटाबद्दल होत्या. त्यात न्यायालयावरची आणि राष्ट्राध्यक्षांवरची पुस्तकं होती, एकूण त्र्याऐंशी. निम्म्या वाचकांचं म्हणणं, हे कपाट राष्ट्राध्यक्षांची तळी उचलतं. उरलेल्यांचं म्हणणं, ते त्यांच्या नावाने बोटं मोडतं. एका जाडजूड चरित्राबद्दल तर एकाच दिवशी दोन चिठ्ठ्या आल्या. एकीत लेखकाला भाट म्हटलं होतं, दुसरीत देशद्रोही. दोघांनीही पुस्तक उघडलेलं नव्हतं, हे उघड होतं, कारण त्याची पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली होती.

समितीने यावर तोडगा काढला. राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने झुकणाऱ्या पुस्तकाच्या पाठीवर हिरवी पट्टी, विरोधात झुकणाऱ्याच्या पिवळी, आणि कुठेच न झुकणाऱ्याच्या पांढरी. पांढरी तेवढी कपाटात राहतील, बाकीची तळघरात जातील. ज्याला तळघरातलं हवं असेल त्याने नोंदवहीत नाव-पत्ता लिहून मागावं, आणि वही महिनाअखेर समितीच्या कार्यवाहांकडे जाईल. ऐकायला अगदी रास्त. पण त्या दिवसांत अशा वहीत आपलं नाव लिहायला कोणाचा हात धजावणार होता? तळघर म्हणजे पुरणंच, फक्त वर पाटी लावून.

पट्ट्या लावायचं काम ग्रंथपालबाईंच्या गळ्यात पडलं. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. चोपन्न वर्षांची, एकटी, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. तिने अंग काढून घेऊन पाहिलं. "कार्यवाहसाहेब, त्या कपाटात माझ्या वडिलांचं पुस्तक आहे. मी कसं ठरवू?"

"तुम्हीच ठरवा," कार्यवाह म्हणाले. ते नेहमी हसत बोलत, त्यामुळे ते कधी हसतात ते कळत नसे. "तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

तिचे वडील एक्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर वरच्या न्यायालयात स्टेनो होते, तिथे त्यांना 'पेन्सिल' म्हणत. त्यांच्या नावावर एकच पुस्तक होतं. चोवीस वर्षांपूर्वी, राष्ट्राध्यक्षांना मुदत संपल्यावरही पदावर राहता येईल का, यावर नऊ दिवस सुनावणी चालली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. तेव्हापासून वाचनालयाच्या भिंतीवरची राष्ट्राध्यक्षांची तसबीर तीच होती, फक्त तिच्यातले केस दर काही वर्षांनी जास्त काळे होत गेले. निवृत्तीनंतर पेन्सिलनी त्या नऊ दिवसांचं पुस्तक केलं. मत नाही, विशेषण नाही. कोण काय बोललं, एवढंच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी म्हातारा वाचनालयात यायचा, त्या कपाटासमोरच्या टेबलाशी वर्तमानपत्र उघडायचा आणि वर्तमानपत्राच्या कडेवरून आपलं पुस्तक जागेवर आहे ना ते पाहायचा. कोणी ते हातात घेतलं की त्याचा दिवस चांगला जायचा. असे दिवस वर्षाला तीन-चार यायचे.

ते पुस्तक तळघरात गेलं तर म्हातारा काय बघत बसणार, हा विचार बाईंच्या डोक्यातून हलेना. म्हणूनच तिने स्वतःवर पहारा ठेवला. रोज दुपारच्या सुट्टीत दार लावून, फूटपट्टी हातात घेऊन, ओळ न् ओळ पुन्हा वाचली. दोन्ही बाजूंच्या वकिलांची पानंसुद्धा मोजली, पाच-सहा पानांचाच फरक निघाला. मग मोकळ्या मनाने पांढरी पट्टी लावली. समितीपुढे ती ठासून म्हणाली, "यातला एक शब्दही गाळलेला नाही." त्र्याऐंशीपैकी अकरा पुस्तकं पांढरी ठरली. त्यांतले चार कायद्याचे शब्दकोश होते.

घरी जेवताना तिने बातमी दिली. तिला वाटलं होतं, म्हातारा खूश होईल.

"कोणी ठरवलं?" त्याने विचारलं.

"मी."

"वाचून?"

"अक्षर न् अक्षर वाचून, बाबा. समितीला सांगितलं मी, एक शब्द गाळलेला नाही म्हणून."

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "असं सांगितलंस?" एवढंच म्हणाला आणि हात धुवायला उठला. बाईंना वाटलं, भूक मेली असेल. या वयात असं होतंच.

शनिवारी तिने तक्रारपेटी उघडली. एकच चिठ्ठी होती. अक्षर मोत्यासारखं, आणि ती ते जन्मापासून ओळखत होती.

'पान दोनशे चौदा. सहावा दिवस, जेवणाच्या सुट्टीनंतर. दालनात न्यायमूर्ती, दोन्ही वकील आणि स्टेनो असे चौघेच. न्यायमूर्ती म्हणाले, "काल रात्री घरी फोन आला होता. माझी मुलं कोणत्या रस्त्याने शाळेत जातात ते मला सांगण्यात आलं." मग स्टेनोला म्हणाले, "हे घेऊ नका." स्टेनोने घेतलं नाही. पुस्तकातही नाही. सबब पुस्तक पांढरं नाही.' खाली पूर्ण सही आणि सभासद क्रमांक.

मंगळवारी म्हातारा आल्यावर ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. "हे काय आहे?"

"तक्रार आहे. सभासद आहे मी."

"बाबा, चोवीस वर्षं तुम्ही हे..."

"न्यायमूर्ती म्हणाले, घेऊ नका, की पेन्सिल उचलायची. कामाची रीतच होती ती. उचलली की समासात एक बारीक टिंब द्यायचं, म्हणजे आपल्याला कळावं, इथे काहीतरी राहिलंय. नऊ दिवसांत ते एकच टिंब होतं." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "पण पुस्तक लिहिताना मला कोणीही उचल म्हटलं नव्हतं."

"मग का नाही लिहिलंत?"

म्हाताऱ्याने वाचनालयावरून नजर फिरवली. तिचं टेबल, तिचे शिक्के, तिच्या खुर्चीवरची झिजलेली उशी. "पुस्तक छापायला गेलं त्याच महिन्यात तुझी नेमणूक व्हायची होती," तो म्हणाला. "यादी वरून मंजूर होऊन यायची होती."

बावीस वर्षं ती ज्या खुर्चीत बसून लोकांना सांगत होती की वाचनालयाला बाजू नसते, त्या खुर्चीचे पाय त्या गाळलेल्या ओळीवर उभे होते. तिला म्हाताऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मनात पहिला विचार आला तो चिठ्ठी फाडायचा.

"फाडू?" तिने विचारलं.

"तुझी मर्जी. मी दुसरी लिहीन."

तिने फाडली नाही. दुपारी ती कार्यवाहांकडे घेऊन गेली. त्यांनी दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि फाइलीत न लावता खिशात ठेवली. या वेळी ते हसत नव्हते.

"अजून कोणी वाचली?"

"मी."

"तुम्ही वाचली नाहीत," ते म्हणाले. "आणि त्या पुस्तकाला पिवळी लावा."

"पिवळी? साहेब, जे गाळलंय ते राष्ट्राध्यक्षांच्या सोयीसाठी गाळलंय. लावायची तर हिरवी..."

"बाई, पिवळी."

तर असा तो कारभार. पुस्तकात एक काना-मात्रा बदललेली नव्हती, आणि चार दिवसांत ते निःपक्षपातीचं विरोधी झालं. बाईंनी पांढरी पट्टी नखाने खरवडून काढली, पिवळी चिकटवली आणि पुस्तक स्वतः तळघरात नेऊन ठेवलं. कपाटातल्या रिकाम्या जागेत शब्दकोश कलंडला.

शुक्रवारी म्हातारा आला तो वर्तमानपत्राकडे गेलाच नाही. सरळ नोंदवही उघडून त्याने पहिल्याच ओळीवर नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पत्ता अर्थात तिचाही तोच होता. तिने खाली जाऊन पुस्तक आणून दिलं. तो टेबलाशी बसला, पान दोनशे चौदा काढलं, खिशातून पेन्सिल काढली आणि समासात बारीक अक्षरांत लिहू लागला. पुस्तकावर लिहू नये, अशी पाटी त्याच्या डोक्यावर होती. बाईंनी तिच्याकडे काणाडोळा केला. दहा मिनिटांनी पुस्तक परत आलं, तिने ते न उघडता खाली नेऊन ठेवलं.

महिनाअखेरीला कार्यवाहांचा शिपाई वही न्यायला आला. "जरा थांब," ती म्हणाली आणि वही पुढ्यात घेतली. वहीत एकच नाव होतं. त्याच्या खालची ओळ कोरी होती. एवढंच करायचं होतं, आपलं नाव लिहायचं. पुस्तक तर तिनेही मागितलं असतं, तिलाही ते पान वाचायचं होतं. तिने पेन टेकवलं. चार वर्षं, तिच्या मनात आलं. फक्त चार वर्षं. शिपाई घड्याळाकडे बघत होता. तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि वही मिटून त्याच्या हातात दिली.

कपाटासमोरच्या टेबलाशी म्हातारा बसला होता. तो शुक्रवारच होता.

"गेली वही?" त्याने विचारलं.

"गेली."

"नावं किती?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "एकच," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. इतके दिवस धरून ठेवलेला श्वास त्याने सोडला. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि खरोखरच त्याला बरं वाटलं होतं. तेच तिला सहन झालं नाही. ती आपल्या खुर्चीकडे गेली, पण बराच वेळ तिच्यात बसली नाही.